डॉक्टर रुजवण्याची योजना

आरोप सरळ आहे, आडवळण घ्यायचं कारण नाही. डॉक्टर खात्याने पळवला. शहराने ओढून नेला नाही, मोठ्या इस्पितळाने गळाला लावला नाही. खात्याने, शिक्का मारून, जावक क्रमांक टाकून, दिवसाढवळ्या पळवला. आणि तो पळून जाऊ नये म्हणून पळवला. खात्यातल्या ज्या कोणाला एवढ्यावरच राग आला असेल, त्याने जरा दम धरावा. पुढे अजून बरंच आहे.

गावात एक दवाखाना होता. सहा खोल्यांचा. त्यातल्या चार खोल्यांना कुलूप, आणि किल्ल्या मुख्यालयात, कारण गावात ठेवल्या तर हरवतील. उरलेल्या दोन खोल्यांत एक तपासणीचं टेबल, लसींचा फ्रीज, उंची मोजायची पट्टी आणि बावीस वर्षांपासून सिस्टर. दारामागे लाकडी फळा होता. त्यावर आजवर आलेल्या डॉक्टरांची यादी, कधी आले आणि कधी गेले या तारखांसकट. तेरा ओळी. सर्वांत लांब मुक्काम अकरा महिन्यांचा. सर्वांत आखूड साडेचार तासांचा, त्यात जेवणाची सुट्टी धरून.

नवा डॉक्टर किती टिकेल हे सिस्टर त्याच्या पहिल्या प्रश्नावरून ओळखत. "इथे रेंज कुठे येते?" असं विचारणारा दोन महिने. "परतीची बस किती वाजता?" असं विचारणारा दोन आठवडे. एकाने बॅग खांद्यावरून न उतरवताच "बाकीचा स्टाफ कुठे आहे?" असं विचारलं आणि सिस्टरांनी स्वतःकडे बोट दाखवलं. साडेचार तासवाला तोच.

चौदावा डॉक्टर आला तो बोलण्यात संथ, चालण्यात संथ, आणि आल्याआल्या म्हणाला, "सिस्टर, अवजारं उकळायच्या कुकरची रिंग चिरलीय. दुसरी आहे का?"

सिस्टरांना गलबलून आलं. बावीस वर्षांत त्या कुकरचं झाकण उघडून बघणारा हा पहिला. दुसरी रिंग नव्हती. त्याने त्याच दिवशी मुख्यालयाला अर्ज केला आणि उत्तर येईपर्यंत म्हणून चिरलेल्या रिंगला कापडी पट्टी गुंडाळली. तीन वर्षं दोन महिने झाले, पट्टी दर महिन्याला बदलली जात होती आणि डॉक्टर तिथेच होता. का राहिलात, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "झोप चांगली लागते इथे."

सिस्टरांना एवढं कारण पुरेसं होतं, कारण त्यांचा जीव एका गोष्टीत अडकला होता. त्यांची लेक दोन गल्ल्या सोडून राहायची. तिचं पहिलं बाळंतपण डॉक्टर नसलेल्या काळात झालं होतं. शहराकडे निघालेला टेंपो रेल्वेच्या बंद फाटकाशी अडला आणि मालगाडीचे बावन्न डबे जाईपर्यंत नातीने थांबायला नकार दिला. त्या नातीला अख्खं गाव सिग्नल म्हणतं. गाव हसतं, पण त्या दिवशी लेकीचं किती रक्त गेलं ते सिस्टरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता लेकीला पुन्हा सहावा महिना होता. डॉक्टरने तपासून सांगितलं होतं, "जरा लक्ष ठेवावं लागेल. पण मी आहे ना इथे." हे वाक्य सिस्टर उशाशी घेऊन झोपत.

आणि मग खात्याला डॉक्टरांची काळजी वाटली.

खात्याने एक अभ्यास करवला होता. खेड्यांतले डॉक्टर का जातात, हा प्रश्न. कुकरची रिंग नसते, राहायला धड घर नसतं, चार माणसांचं काम एकाला करावं लागतं, असं डॉक्टर लोक बोलले होते. पण तो भाग तक्रारीच्या सुरात असल्यामुळे परिशिष्टात गेला. मुख्य निष्कर्ष असा निघाला की जी माणसं कुठेतरी रुजलेली असतात ती तिथून जात नाहीत. मग परिपत्रक निघालं. प्रत्येक डॉक्टर आपल्या नेमणुकीच्या गावी कितपत रुजला आहे हे मोजण्यात यावे. शंभरपैकी सत्तर गुण नव्वद दिवसांत मिळवणे बंधनकारक. न मिळाल्यास सदर डॉक्टर 'न रुजणारा' समजून त्यास अधिक पोषक ठिकाणी हलवण्यात यावे.

मोजायला एक अधिकारी आला. हातात पाटी, पाटीला चिमटा, चिमट्यात अकरा पानी तक्ता. गावाने पहिल्याच तासात त्याचं नाव माळी ठेवलं.

"तीन वर्षं दोन महिने," माळी कौतुकाने म्हणाला. "फारच छान. बघू या किती रुजलात."

दवाखान्यासमोर त्या वेळी एकोणतीस पेशंट बसले होते. सिस्टर म्हणाल्या, "हे बघा की. बारा कोसांवरून माणसं येतात यांच्याकडे. टाका गुण."

"पेशंट तपासणं हा नोकरीचा भाग झाला, बाई. त्यात रुजणं कुठे आलं? नोकरी तर कुणी कुठेही करतं."

मग माळीने डॉक्टरला रस्त्यावरून शंभर पावलं चालायला लावलं. दुकानाखाली झोपलेल्या कुत्र्याने मान वर केली, डॉक्टरकडे बघितलं आणि पुन्हा झोपला. न भुंकल्याचे दोन गुण. भाड्याच्या घराचे पाच. केस गावातच कापतो याचे चार. एकूण अकरा.

"अकरा," माळी हळहळला. "डॉक्टर, तुम्ही तर इथे जवळजवळ नाहीच आहात."

त्या संध्याकाळी सिस्टरांनी टेलर, गिरणवाली आणि सलूनवाला अशा तिघांना दवाखान्यात बोलावलं. तिघांचीही गरज उघड होती. टेलरचं ब्लडप्रेशर डॉक्टरच्या गोळ्यांवर ताळ्यावर होतं, गिरणवालीचा दमा त्याच्या पंपावर चालत होता, आणि सलूनवाल्याला काहीच आजार नव्हता पण आपल्याला काहीतरी आहे अशी त्याची खात्री होती, आणि ती खात्री दर मंगळवारी शांतपणे ऐकून घेणारा दुसरा माणूस नव्हता.

"एकोणसाठ गुण कमी पडतात," सिस्टर म्हणाल्या. "रुजवू या त्यांना."

डॉक्टर कोपऱ्यात पट्ट्या गुंडाळत बसला होता. "पण मी कुठे जातच नाहीये," तो म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या जाण्या-न जाण्याशी याचा काय संबंध?"

दुसऱ्या आठवड्यात माळीने 'नातेसंबंध' हे सदर उघडलं. "डॉक्टरांना इथे कोण काय म्हणतं?"

"डॉक्टर म्हणतो," टेलर म्हणाला.

"ते पद झालं. मी नातं विचारतोय."

"मी मावशी लावते त्यांची," सिस्टर म्हणाल्या.

माळीने कोऱ्या कागदावर एक चौकोन काढला. "मावशी म्हणजे आईची बहीण. आई कुठे असते?"

"माझ्या गावी," डॉक्टर म्हणाला.

"मग बहीण इथे कशी आली?"

"लग्न होऊन आली," सिस्टर म्हणाल्या. ते खरंच होतं. माळीने लिहून घेतलं.

टेलर मामा झाला. त्यामुळे तो सिस्टरांचा भाऊ झाला. "चालेल," तो म्हणाला, "तसंही मला थोरल्या बहिणीसारखंच फैलावर घेतात."

गिरणवाली पुढे सरसावली. "मला काकू करा. काकू म्हणवून घ्यायची फार हौस होती, राहूनच गेली."

"काकू हवी तर काका लागेल," माळी म्हणाला.

सलूनवाल्याने निष्पाप मनाने हात वर केला. माळीने त्याचा चौकोन काढला आणि दोन चौकोनांमध्ये एक आडवी रेघ मारली.

"ही रेघ कसली?" गिरणवालीने विचारलं.

"विवाहाची."

"खोडा ती."

"शाईची आहे, बाई. खाडाखोड चालत नाही."

"अहो, या माणसाला मी दळणाच्या रांगेतसुद्धा शेवटी उभा करते. अन् संसार करू याच्याशी?"

"मी तरी कुठे मुंडावळ्या बांधून आलोय?" सलूनवाला म्हणाला. "हात वर केला फक्त."

"हात वर करायच्या आधी विचार करावा माणसानं."

शेवटी नवा कागद आला. गिरणवाली आत्या झाली. आत्या म्हणजे वडिलांची बहीण, त्यामुळे सलूनवाला काका राहिला आणि तिचा भाऊ झाला. यावर दोघंही शांत झाली. पण कागदावर आपल्या आणि त्याच्या चौकोनांच्या वर एक रिकामा चौकोन, म्हणजे वडील, आहे हे पाहिल्यावर गिरणवाली विचारात पडली.

"म्हणजे वडिलांच्या घरात माझा वाटा असणार."

"कुठलं घर?" सलूनवाला म्हणाला.

"ते तू सांग. मुलगा तू ना? गिळून बसलायस सगळं."

त्या दिवसापासून महिनाभर ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. नसलेल्या बापाच्या नसलेल्या घरावरून सलूनवाल्याची झोप उडाली, आणि या वेळी त्याला खरोखरच काहीतरी झालं. माळीने समाधानाने शेरा मारला: 'कौटुंबिक कलह आढळला. कुटुंब अस्सल असल्याचे दिसते. पैकीच्या पैकी.'

त्यानंतर सदर आलं 'वाद'. अभ्यासाचं म्हणणं असं की शेजाऱ्याशी जुना, चिघळलेला वाद असलेला माणूस मेला तरी गाव सोडत नाही; समोरच्याला जिंकू द्यायचं नसतं. एकोणतीसचे छत्तीस झालेले पेशंट बाकावर वाट बघत होते. एकाचं बोट पत्र्याने कापलं होतं आणि ते त्याने टॉवेलात धरलं होतं. डॉक्टरला मात्र टेलरच्या ओट्यासमोर भांडायला उभं केलं होतं.

टेलरने ठरल्याप्रमाणे सुरुवात केली. "तुझ्या न्हाणीचं पाणी माझ्या ओट्याखाली येतं. लाज आहे का?"

डॉक्टरने खाली वाकून पाहिलं. "खरंच की. उद्या पाइप वळवून घेतो."

"शून्य," माळी म्हणाला. "मिटला वाद."

सिस्टरांनी डॉक्टरला बाजूला घेतलं. "अहो, पाइप काय वळवताय? अपमान करा त्यांचा."

"त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही."

"आठवा काहीतरी. माणूस आहे, काहीतरी केलंच असेल."

डॉक्टरने बराच वेळ आठवलं. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "तुम्ही शिवलेल्या माझ्या शर्टाची डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं लांब आहे."

टेलरने शिवलेल्या प्रत्येक कपड्याची डावी बाही दोन बोटं लांब असते हे गावाला तीस वर्षं माहीत होतं. अख्खं गाव ती एक घडी आत दुमडून हिंडत होतं. पण कोणी बोललं नव्हतं. टेलरने गर्दीतल्या एकेकाच्या डाव्या मनगटाकडे बघायला सुरुवात केली. माणसांनी हात मागे घेतले.

"सगळ्यांच्याच?" त्याने हळूच विचारलं.

टेलर आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. त्यानंतर तो ब्लडप्रेशर तपासायला आलाच नाही. माळीला गहिवरून आलं होतं. "नोकरीत इतका सच्चा वाद मी पाहिला नव्हता. आणि मामाशी आहे, म्हणजे नात्यातही धरता येईल."

डॉक्टर तोवर बाकाकडे धावला होता. त्याने कापलेल्या बोटाला चार टाके घातले. माळीने घड्याळ पाहून दोन गुण कमी केले: 'रुजवणीच्या वेळेत वैद्यकीय वर्तन.'

असं करत करत दिवस सरले. डॉक्टरबद्दल गावात तीन अफवा असाव्यात असा नियम होता. गावाने सढळ हाताने अकरा पुरवल्या. त्यातल्या एकीत तो मुळात डॉक्टरच नाही असं होतं, ती पुढे खात्याच्या फार उपयोगी पडली. 'स्थानिक माणूस सरकारी कचेरीत खेटे घालतो' या सदराखाली एखादा प्रलंबित अर्ज दाखवायचा होता. डॉक्टरने कुकरच्या रिंगच्या अर्जाची प्रत काढली. माळीने तारीख पाहिली, स्मरणपत्रं मोजली, सतरा होती, आणि उठून डॉक्टरचा हात हातात घेतला. "तीन वर्षं आणि साधी पोचसुद्धा नाही. डॉक्टर, तुम्ही आता पूर्णपणे आमच्यातले झालात."

नव्वदाव्या दिवशी बेरीज आली चौऱ्याण्णव. दवाखान्याच्या पायरीवर माळीने प्रमाणपत्र दिलं: 'सदर इसम सर्व अर्थांनी या गावचा स्थानिक असल्याचे प्रमाणित करण्यात येते.' गावाने टाळ्या वाजवल्या. गिरणवालीने आत्याच्या हक्काने डॉक्टरचा गालगुच्चा घेतला. सिस्टरांची लेक नवव्या महिन्याचं पोट सावरत बाकावर बसून हसत होती. सिस्टरांना तीन महिन्यांत पहिल्यांदा पाठ टेकल्याबरोबर झोप लागली.

त्यानंतर दहाव्या दिवशी बदलीचा हुकूम आला.

सिस्टरांनी तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला. मजकूर स्वच्छ होता. 'कोणताही अधिकारी स्वतःच्या गावी नेमला जाणार नाही, असा नियम आहे. सदर अधिकारी या गावचा स्थानिक असल्याचे प्रमाणपत्रावरून सिद्ध होते. त्यांची मावशी, मामा, आत्या व काका येथेच राहतात. मामाशी त्यांचा वाद चालू आहे. वडिलोपार्जित घराचा प्रश्नही अनिर्णित दिसतो. अशा स्थितीत त्यांच्याकडून निःपक्षपाती उपचाराची अपेक्षा करता येत नाही. सबब त्यांना आजच कार्यमुक्त करण्यात येत आहे.'

सिस्टर पहिल्या बसने मुख्यालयात गेल्या. माळीला बढती मिळाली होती. खोलीत पंखा होता, आणि भिंतीवर डॉक्टरसोबतचा पायरीवरचा फोटो होता.

"या बाई. सगळीकडे तुमच्याच गावाचं उदाहरण देतोय."

"बदली रद्द करा. माझ्या लेकीचे दिवस भरलेत. बाळ आडवं होतं, आता कुठे फिरलंय. मला एकटीला नाही जमायचं ते."

"तुमची लेक म्हणजे त्यांची मावसबहीण," माळी हलकेच म्हणाला. "बघा, पक्षपात इथूनच सुरू होतो."

"अहो, ते नातं तुम्ही लावलंत."

"मी फक्त नोंदवलं. लावलंत तुम्ही. तुमची सही आहे."

"मग ते प्रमाणपत्र फाडा. म्हणा, नाही रुजला."

"रुजलेलं उपटायची तरतूद योजनेत नाही. त्यांनी तीन वर्षं बाहेरगावी काढली आणि गाव त्यांना विसरलं, तर परका म्हणून पुन्हा इथे नेमता येईल."

"बरं. मग दुसरा डॉक्टर द्या. आज द्या."

माळीने कपाटातून एक तक्ता काढला आणि बोट ठेवून दाखवलं. गावाच्या नावापुढे लिहिलं होतं: रुजलेले डॉक्टर, एक. "जागा रिकामी दिसत नाही ना, बाई. तुमच्याकडे डॉक्टर कायमचा रुजलाय. ज्यांच्याकडे एकही नाही, त्यांना आधी द्यायला नको का?"

सिस्टरांनी त्या तक्त्याकडे पाहिलं. मग माळीकडे. "तुम्हाला पोरंबाळं आहेत?"

"दोन."

"कुठे झाली?"

"इथेच. समोरच्या इस्पितळात."

"किती पावलं?"

माळीने खिडकीतून पाहिलं आणि तो खरोखरच मनात मोजू लागला. सिस्टर उत्तराची वाट न बघता निघाल्या. बस लागली होती.

डॉक्टर गेला नाही. त्याने साठलेली रजा टाकली आणि भाड्याच्या घरातच राहिला. रोज सकाळी नऊ वाजता दवाखान्याच्या बाकावर येऊन बसायचा, कारण सवय. आत जायचा हक्क नव्हता. पेशंट येऊन त्याच्या शेजारी बसायचे. सगळे मिळून डॉक्टरची वाट बघायचे.

"तुम्ही काय दाखवायला आलात?" एका म्हाताऱ्याने त्याला विचारलं.

"काही नाही. बसलोय."

"बसा, बसा. येईल हो. पूर्वी एक होता, फार चांगला."

सहाव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, लेकीला तिच्या घरी कळा सुरू झाल्या. सिस्टरांनी गाडीसाठी फोन लावला. गाडी नव्हती, दुसऱ्या एका गावात डॉक्टर रुजवायला गेली होती. साडेअकराला बाळाचे ठोके मंदावले. सिस्टरांनी हातांनी तपासलं. नाळ गळ्याभोवती होती.

त्या उंबऱ्यात आल्या. डॉक्टर दाराशी उभा होता, कधीपासून कोण जाणे. बाह्या दुमडलेल्या.

"मला हात लावायची परवानगी नाहीये, सिस्टर," तो म्हणाला.

"डॉक्टर म्हणून नाहीये ना?" सिस्टर म्हणाल्या. "घरचा माणूस म्हणून ये. मी मावशी आहे तुझी. शिक्का आहे त्यावर. ये आत."

डॉक्टर आत आला. "मावशी," तो म्हणाला, "हात धुवायला पाणी दे. आणि उजेड हवाय, पडदा काढ."

नाळेचे दोन वेढे होते. पुढची वीस मिनिटं त्या खोलीत मोजकेच शब्द बोलले गेले. गल्लीत टेलर उकळलेल्या पाण्याची पातेली आणून देत होता, सहा आठवड्यांत पहिल्यांदा घराबाहेर पडून. सलूनवाल्याने, कोणी न सांगता, नवी कोरी पाती आणून उंबऱ्यावर ठेवली. गिरणवाली त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पाती उकळून आण, शहाण्या." त्याने आणली.

बाळ रडलं. आधी निळं होतं, मग लाल झालं आणि मग सगळ्या गल्लीवर डाफरलं. मुलगा. लेकीचं रक्त जात होतं, तेही डॉक्टरने थांबवलं. त्याला वेळ लागला, पण थांबलं. गिरणवालीने बाळाला दुपट्यात घेऊन धान्याच्या काट्यावर ठेवलं. दोन किलो नऊशे. सिस्टर दाराच्या चौकटीला टेकून खाली बसल्या आणि बावीस वर्षांचं रडू एका दमात रडल्या.

माळी त्याच दुपारी आला. रुजलेले डॉक्टर रुजलेलेच आहेत ना, याची तिमाही पडताळणी होती. गावात त्याला डॉक्टर कुठे सापडेल, हे कुत्र्यानेसुद्धा सांगितलं असतं.

नोटीस आठवड्यात आली. डॉक्टरच्या नावाने. 'आपण अमुक दिवशी एका प्रसूतीत हस्तक्षेप केल्याचे आढळले. तो कोणत्या नात्याने केला, याचा खुलासा करावा. (अ) डॉक्टर म्हणून: तसे असल्यास, कार्यमुक्त असताना व स्वतःच्या गावी उपचार केल्याबद्दल आपणास बडतर्फ का करू नये? (आ) नातेवाईक म्हणून: तसे असल्यास, अनधिकृत व्यक्तीने घरी प्रसूती केल्याबद्दल आपणावर गुन्हा का दाखल करू नये? आपण मुळात डॉक्टर नसल्याची अफवा अभिलेखात नोंद आहे, हेही लक्षात घ्यावे. योग्य त्या एकाच चौकटीत खूण करावी. दोन्हीत केल्यास किंवा एकाही चौकटीत न केल्यास दोन्ही कारवाया होतील.'

डॉक्टरने पेन उघडलं, दोन्ही चौकटींकडे बराच वेळ पाहिलं आणि पेन बंद केलं. "मला खरंच कळत नाहीये, मावशी," तो म्हणाला.

सिस्टरांनी नोटीस हातात घेतली आणि चष्मा लावून तिचा तळ वाचला. तिथे बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: 'ही नोटीस ज्यांच्या वाचनात आली व वाचल्यापासून सात दिवसांत ज्यांनी लेखी हरकत घेतली नाही, त्या सर्वांची वरील कारवाईस संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल.'

त्यांनी पेन घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर खात्यासाठी खुलासा लिहिला. नाळेचे वेढे दोन. ठोके मिनिटाला साठ. जवळचा दुसरा डॉक्टर चार तासांवर. गाडी नाही. त्या वीस मिनिटांत तिथे कोण यायला हवं होतं, त्याचं पद आणि पोचायची वेळ कळवा. त्याची नक्कल खात्याला पाठवली आणि मूळ नोटीस दोन्ही बाजू दिसतील अशी काचेत घालून त्यांनी दवाखान्याच्या दारावर लावली. गावातल्या एकशे चाळीस माणसांनी सहीनिशी किंवा अंगठ्यानिशी हरकत घेतली. खात्याने ती फेटाळली. हरकत घेणारे सगळे स्थानिक आहेत, सबब निःपक्षपाती नाहीत. बाहेरच्या, तटस्थ, सुशिक्षित वाचकांकडून एकही हरकत आलेली नाही, असं खात्याने नमूद केलं आहे.

ते वाचक म्हणजे तुम्ही. तुमच्या घरापासून डॉक्टर किती पावलांवर आहे, ते तुमचं तुम्हाला माहीत. नोटीस आता तुमच्याही वाचनात आली, वर तिचा शब्द न् शब्द दिला आहे, आणि मुदत सात दिवसांची आहे. तेव्हा सांगा: (अ) की (आ)? की या चौकटी आखणाऱ्याला जाब विचारणार, आणि तोही लेखी? कधी?